भंगारातलं लोखंड घे, रबर नको

पत्र:

काका, वडिलांनी पंचवीस वर्षं चालवलेली फोर बाय फोर आता माझ्याकडे आलीय. शिडीसारखी चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही चाकांना कमानपाटे, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, २८ इंची टायर, डिफरन्शियलचा रेशो ४.१०. इंजिन ठणठणीत आहे. तिला चिखल-दगडांतून जाण्याजोगी करायचीय, पण आठवड्यातले पाच दिवस मी तिच्यावरच कामाला जातो. मित्र म्हणतात ३३ इंची टायर टाक आणि चार इंच उचल. पैसे बेताचे, म्हणून भंगारात फिरतोय. तिथे दोन गोष्टी दिसल्या. माझ्याच मॉडेलची एक उलटलेली गाडी, जी भंगारवाला अख्खीच द्यायचं म्हणतोय. आणि एका वजनदार गाडीचे पुढचा-मागचा असे नुसते ॲक्सल, अख्ख्या गाडीच्या निम्म्या पैशांत. घरी वेल्डिंग मशीन आहे. ट्रकचे पाटे टाकून उंची वाढवायची आणि पाण्याच्या पाइपचा रोल केज करायचा असं डोक्यात आहे. काय घेऊ आणि सुरुवात कुठून करू?
— रुतलेला

उत्तर:

उलटलेली गाडी घे. ॲक्सल तिथेच राहू दे. ट्रकचे पाटे आणि पाण्याचा पाइप हे दोन्ही विचार आजच्या आज सोडून दे. कारणं आता सावकाश सांगतो.

आधी टायर. जुन्या गाडीत टायरचा आकार ठरला की कामांची निम्मी यादी आपोआप ठरते, आणि खर्चही. ३३ इंची टायर तुझ्या २८ पेक्षा जवळपास १८ टक्के उंच. तेवढ्यानं तुझा ४.१० चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) ३.४८ असल्यासारखा वागायला लागतो. टर्बो नसलेल्या डिझेलला तो चढावर झेपत नाही, मग माणूस अर्धा क्लच दाबून गाडी ओढतो आणि क्लच प्लेट जळते. काटा ६० दाखवत असतो तेव्हा गाडी ७० च्या वर पळत असते. ब्रेकचं तर कोणी बोलतच नाही. ड्रममध्ये लायनर पूर्वीइतक्याच जोरानं घासतो, पण चाकाची त्रिज्या वाढली की जमिनीपर्यंत पोचणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. वर टायर जड, म्हणजे फिरतं वजन थांबवायचं काम वेगळंच. हे सगळं पूर्वपदावर आणायला ४.८८ च्या आसपासचं क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, लागेल, तेही पुढे-मागे दोन्हीकडे. आणि एवढा उपद्व्याप करून डिफरन्शियलखाली जागा किती वाढते? अडीच इंच.

हो, अडीचच. सलग ॲक्सलच्या गाडीत पाटे कितीही उचलले तरी डिफरन्शियलचं पोट, म्हणजे ॲक्सलवरचा फुगीर गोळा, जमिनीपासून तेवढंच राहतं, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर बसलेला असतो. तो वर जातो तो फक्त टायरमुळे, आणि टायर जितका उंच झाला त्याच्या निम्माच. पाट्यांनी वर जाते ती बॉडी. चार इंच उचललेली गाडी उभी असताना रुबाबदार दिसते आणि आडव्या उतारावर पोटात गोळा आणते.

३१ इंची टायर घे. रेशो ३.७० सारखा वाटेल, काटा ६० वर असताना खरा वेग ६६ असेल, वरचा गिअर थोडा सुस्त होईल. ते सोसण्यासारखं आहे. खडकाळ जागी तू लो गिअरमध्येच असणार, तिथे फरक फारसा जाणवत नाही. पुढेमागे पैसे जमले तर ४.५६ चं क्राऊन-पिनियन टाक, गाडी अगदी मूळ चालीवर येईल. ३१ साठी दोन इंच उचल बहुधा पुरते. पूर्ण वळणावर कुठे घासलं तर मडगार्डची कड आत दुमड, नाहीतर सरळ काप. पत्रा कापायला ब्लेडपलीकडे खर्च नाही आणि गाडीचा गुरुत्वमध्यही वर जात नाही. मित्रांना आवडणार नाही. मित्रांना तुझ्या गाडीवर रोज कामाला जायचं नाहीये.

आता ते स्वस्त ॲक्सल. हा मोह मलाही झाला होता. उमेदवारीच्या दिवसांत मी असाच एक पुढचा ॲक्सल उचलला. जाड नळ्या, मोठं क्राऊन, बघूनच खूश झालो. बसला कसाबसा. चिखलात गाडी बैलासारखी ओढायची. एकदा चिखलातून बाहेर पडलो आणि फोर बाय फोर काढायचं विसरून कोरड्या डांबरी रस्त्याला लागलो. किलोमीटरभरात स्टिअरिंग दगडासारखं झालं, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) दांडा दोन्ही हातांनी ओढला तरी निघेना, आणि मग खालून एकच आवाज आला. टण्ण. पुढच्या शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची वाटी फुटून शाफ्ट रस्त्यावर लोंबत होता. मागचा ॲक्सल ४.१० चा, नवा आणलेला पुढचा निघाला ३.७३ चा. चिखलात चाकं घसरतात म्हणून तो फरक खपून गेला. डांबरावर घसरायला जागा नाही, मग जे सर्वांत कमकुवत ते तुटतं.

विकत घेण्याआधी पाच मिनिटांत हे कळलं असतं. दोन्ही चाकं अधांतरी कर. एका बाजूचं चाक कोणाला तरी घट्ट धरायला सांग. दुसरं चाक बरोबर वीस फेरे फिरव आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची रेघ मारून तिचे फेरे मोज. ४१ आले तर ४.१०, ३७ च्या थोडं पुढे गेले तर ३.७३. साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शियलला हा हिशेब चोख लागू होतो.

पण रेशो जुळला तरी तुझी सुटका नाही. वजनदार गाडीचा ॲक्सल रुंद असतो, पाट्यांच्या बैठका तुझ्या चासीच्या अंतरावर नसतात, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ वेगळं, आणि पुढच्या डिफरन्शियलचं पोट कोणत्या बाजूला आहे हे तर लोक बघतच नाहीत. तुझ्या ट्रान्सफर केसमधून शाफ्ट डावीकडून निघत असेल आणि पोट उजवीकडे असेल, तर तो ॲक्सल तुझ्यासाठी निव्वळ किलोवर विकायचं लोखंड. ब्रेकची व्हील सिलिंडरं मोठी असली की तुझ्या मास्टर सिलिंडरचं तेल पुरत नाही, पेडल खाली जातं, मग मास्टर सिलिंडर बदल, मग बूस्टर. निम्म्या पैशांत मिळालेली वस्तू बसवायला दीडपट खर्च, वर तुझं वेल्डिंग. बैठका वेल्ड करताना एका दमात सलग टाके मारले की ॲक्सलची नळी उष्णतेनं वाकते, आणि वाकलेल्या नळीत ऑइल सील टिकत नाही. ३१ इंची टायरसाठी एवढ्या जाड ॲक्सलची गरजच नाही.

उलटलेल्या गाडीत या भानगडी नाहीत, कारण प्रत्येक बोल्ट तुझ्याच भोकात बसतो. शिवाय एकाच गाडीतले दोन ॲक्सल म्हणजे रेशोची जोडी जुळलेलीच, तरी तुझ्या ४.१० शी ताडून बघ. कंपन्या एकाच मॉडेलमध्ये मधूनच रेशो बदलतात.

ती बघायला जाशील तेव्हा टेप, दोरी, चुंबक, टॉर्च आणि अंथरायला जुनं पोतं घेऊन जा. वरचा चेपलेला पत्रा बघत बसू नकोस, तो आपल्या कामाचा नाही. खाली शीर. मागच्या दोन टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूनं मोज, मग मागच्या बाजूनं मोज. दोन्ही मापं जवळपास सारखी हवीत. सात-आठ मिलिमीटरचा फरक आला तर टायर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोज, म्हणजे रिमचा वाकडेपणा धरला जाणार नाही. तरी फरक राहिला तर ॲक्सलचं हाउसिंग वाकलंय. डिफरन्शियलचा तळाचा बोल्ट थोडा सैल कर आणि येणारं तेल बोटांवर घे. काळं तेल चालेल. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, बेअरिंगं खराब धरून भाव कर. चुंबकाला राखाडी लगदा चिकटला तर ती नेहमीची झीज. नखाएवढा तुकडा चिकटला तर तो दाताचा आहे, आणि क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घासून जुळवलेले असल्यामुळे एक इथलं, एक तिथलं असं चालत नाही.

इंजिन तुला नको असेल, पण विकायला तरी चालू स्थितीत हवं. म्हणून भंगारवाला 'बॅटरी लावून ऐकवतो' म्हणाला तर त्याचा हात धर. डिझेल गाडी उलटून पडली की संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या टाकीतलं, तेल सिलिंडरमध्ये उतरतं. तेल दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे प्लग) काढायचे, मोठ्या पान्यानं क्रँक हातानं दोन-चार फेरे फिरवायची, भोकांतून तेल उडालं तर उडू द्यायचं, मगच स्टार्टर.

आणि कागद. तिची नोंदणी रद्द झाली आहे का, हे लेखी घे. तिची चासी नंबरची पट्टी तुझ्या गाडीवर कधीही येता कामा नये, तो गुन्हा ठरतो. तुझ्या बदलांपैकी नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला काय काय कळवावं लागतं, हे टायर विकत घेण्याआधी विचार.

आता भंगारातून काय उचलायचं यासाठी माझी एकच चाळणी आहे. जे डोळ्यांनी, मापानं, हातोडीनं तपासता येतं ते जुनं चालेल. जे आतून, न दिसता म्हातारं होतं ते नवंच. ॲक्सल, शाफ्ट, स्टिअरिंग बॉक्स, ट्रान्सफर केस, रेडिएटर, अल्टरनेटर, पोटाखालचे संरक्षक पत्रे, सीट, दाराच्या बिजागऱ्या हे सगळं काढून घे. वायरिंगचे कनेक्टर वीतभर वायर ठेवून काप. नव्या वायरला नुसता कनेक्टर जोडणं जिवावर येतं, पण शेपूट असलं की काम दहा मिनिटांचं. उलट ब्रेकच्या रबरी नळ्या, बुश, ऑइल सील, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, ब्रेक लायनर यांना हातही लावू नकोस. सीट बेल्टही नाही. अपघातात बेल्टचा पट्टा एकदा ताणला गेला की त्याचं काम संपलं, बाहेरून कितीही कोरा दिसो. जुने टायर कोणी दाखवले तर बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असली तरी.

लोखंडी रिम मात्र बिनधास्त घे. बोल्टांच्या भोकांभोवती केसाएवढी चीर आहे का बघ, तिथे गंजाची तांबडी रेघ दिसली तर नको.

पाट्यांकडे वळू. ट्रकचा पाटा टाकू नकोस म्हणालो ते यासाठी: पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा टाकला की त्या एका पाट्याचा कडकपणा जवळपास २.४ पट होतो. गाडी उंच होईल, पण चाक खड्ड्यात खाली उतरणारच नाही. एक चाक हवेत राहिलं की साध्या डिफरन्शियलमध्ये ते हवेतलं चाकच नुसतं गरगर फिरतं, आणि जिथे जुनी मऊ गाडी निघून गेली असती तिथे तू दोर शोधत बसशील. खडबडीत जमिनीवर उंचीपेक्षा चाकाचं वर-खाली होणं जास्त कामाचं.

डोनर गाडीचे, म्हणजे त्या उलटलेल्या गाडीचे, पाटे तुझ्या पाट्यांशेजारी जमिनीवर ठेव. दोन्ही टोकांच्या डोळ्यांमध्ये दोरी ताण आणि मध्यावर दोरीपासून पाट्यापर्यंतचं अंतर मोज. दोन्ही गाड्यांच्या मिळून आठ गठ्ठ्यांतून सर्वांत जास्त कमान शिल्लक असलेले चार निवड, डावा-उजवा एकसारखा. मग प्रत्येकात डोनरच्या उरलेल्या गठ्ठ्यातला दुसऱ्या क्रमांकाचा लांब पाटा जास्तीचा घाल. जाडी तीच, म्हणून कडकपणा बेतानं वाढतो. कमान कमी पडली तर पाटे ठोकून देणाऱ्याकडे ने, पण थंडच ठोकायचे. गॅसनं लाल केलेल्या पाट्याचं पाणी उतरतं, महिन्याभरात तो पुन्हा सपाट. जोडणी करताना सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे घे. यू बोल्ट एकदा ताणून बसलेले असतात, दुसऱ्यांदा तितकी पकड धरत नाहीत. शे-दीडशे किलोमीटर चालवून ते पुन्हा आवळ. आणि जवळपास वेल्डिंग करायचं असेल तर पाट्यांवर ओलं पोतं टाक; एक ठिणगी पाट्यावर चिकटली तरी तिथूनच तो तडकू शकतो.

उरलेली उंची शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणारी झुलती पट्टी, लांब करून मिळते. दोन इंच लांब शॅकलनं एक इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. पण तुझा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे का ते आधी बघ. असेल तर शॅकल वाढवल्यावर ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) घटतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकायला लागते. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये दोन-तीन अंशांची लोखंडी पाचर दिली की सुधारतं. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळेल, ती चुरते.

उचलून झालं की गाडी चासीवर टेकवून चारही चाकं लोंबू दे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून प्रत्येक ब्रेकची नळी बोटानं चाचप. एकही नळी ताठ वाटता कामा नये. शाफ्टचा सरकता सांधा किती आत उरलाय ते बघ, बोटभरच खाचा गुंतलेल्या असतील तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागेल. मागच्या ॲक्सलला दांड्यानं जोडलेला, भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असेल तर त्याचं ब्रॅकेट जेवढी गाडी उचललीस तेवढं सरकव. नाहीतर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कायमचे कमी करून ठेवतो. हा व्हॉल्व्ह विसरलेल्या गाड्या मी इतक्या बघितल्यात की आता कोणी 'ब्रेक मऊ झालेत' म्हणालं की मी आधी तिकडेच बघतो.

स्टिअरिंगचा कोणताही दांडा तापवून वाकवायचा नाही, कापून वेल्ड करायचा नाही. या एका बाबतीत तुझं मशीन बंद. स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो तिथे मात्र ते वापर: जुन्या गाड्यांत बोल्टांच्या भोकांपाशी चासीला चिरा पडतात, मोठ्या टायरनं त्या वाढतात. चिरा नसल्या तरी डोनरच्या चासीतून कापलेला पत्रा आतून पट्टी म्हणून लावून घे. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडव.

पाण्यातून जायचं असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे ब्रीदरच्या, ॲक्सलच्या श्वास घ्यायच्या भोकांच्या, नळ्या. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तो हवेऐवजी पाणी ओढतो. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चौघांना तेल सोसणारी नळी जोडून बॉनेटखाली वर ने. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप, घरी बनवलास तर इंजिन मंद चालू ठेवून त्याच्या तोंडावर सपाट फळी दाब. हात नाही, फळी. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठून तरी हवा येतेय, आणि जिथून हवा येते तिथूनच पाणी येईल.

ओढून काढायचे हुक डोनरच्या चासीवरून मूळ पट्ट्यासकट काढ आणि बोल्ट नवे लाव, डोक्यावर १०.९ कोरलेले. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नकोस. गोळा मोडला की तो दोराबरोबर तोफगोळ्यासारखा सुटतो. माणसं मेलीत त्यानं.

रोल केजबद्दल थोडक्यात. पाण्याचा पाइप पाणी वाहायला बनवलेला असतो. त्याची शिवण आपटल्यावर उकलू शकते, वरचा जस्ताचा थर वेल्ड करताना जो धूर सोडतो त्यानं थंडी वाजून ताप भरतो, आणि हेल्मेट न घालता रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या कानापासून चार बोटांवर उघडा लोखंडी दांडा असणं हे साध्या ठोकरीतही डोकं फोडणारं आहे. तुझ्या गाडीला पक्कं छत आहे. त्या पैशांत चांगले सीट बेल्ट घे.

सुरुवात कुठून, हा तुझा शेवटचा प्रश्न, आणि खरं तर तो पहिला हवा होता. सुरुवात हातोडीनं. काहीही विकत घेण्याआधी स्वतःच्या चासीखाली जा आणि लहान हातोडीनं इंच-इंच वाजव. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी, बॉडी माउंटखाली, जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे जास्त. टण वाजलं तर ठीक. थप वाजलं तर तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर लाव. आत घुसला तर यंदाचे पैसे चासीला, टायर पुढच्या वर्षी. चासी निरोगी निघाली तर डोनर आण, आधी ब्रेक आणि स्टिअरिंगचं सगळं रबर नवं कर, मग पाटे, आणि ते महिनाभर रोजच्या रस्त्यावर चालवून बघ. टायर सर्वांत शेवटी. डोनरचे ॲक्सल लगेच बसवायची गरज नाही. स्वच्छ करून, भोकं कापडानं बुजवून, तेल लावून कोपऱ्यात ठेव. तुझे आताचे चालतायत तोवर चालू देत. तुटतील तेव्हा एका सुट्टीत काम होईल, आणि तू कामाला जायचा राहणार नाहीस. काच, दारं, इंजिन, गिअरबॉक्स असं जे तुला नको ते सुटं विक. घाई केली नाहीस तर डोनरचा बराचसा खर्च निघून येतो.

आणि व्यवहार ठरला की गाडी उचलण्याआधी सीटखाली हात घालून बघ. जॅक, त्याचा दांडा आणि चाकाचा पाना तिथेच असला पाहिजे. वेगळा मागायला गेलास की तो कधी नव्हताच असं उत्तर मिळतं. फक्त तुझी गाडी आता उंच होणार, तेव्हा त्याच्या खाली ठेवायला एक जाड लाकडी ठोकळा बरोबर बाळग.